चितेगावात दोनदा विचारलेला प्रश्न

जे काम तुम्ही वर्षानुवर्षं रोज करत आलात, ते तुम्हाला येतं का, असं एखाद्या परक्या बाईनं हातात कागद-पेन घेऊन विचारलं तर तुम्ही काय सांगाल? घाई करू नका. तुमच्या शेजारी तुमच्याच हाताखाली शिकलेली माणसं उभी आहेत. समोर साहेब आहेत. विचारणारी बाई पाहुणी आहे, सातासमुद्रापलीकडून आलेली आहे. आता सांगा. तोंड वर करून "हो, येतं" म्हणाल?

या प्रश्नाचं उत्तर मला गेल्या फेब्रुवारीत, छत्रपती संभाजीनगर, चितेगाव आणि वैजापूर अशा पाच दिवसांच्या फिरतीत मिळालं. ते मिळण्याआधी माझ्या तोंडून एका बाईचं नुकसान होऊन गेलं होतं. म्हणून हे लिहिते आहे. वेरूळ मी पाहिलं नाही, अजिंठाही नाही. ज्यांना लेणी वाचायची आहेत त्यांनी इथंच थांबलं तरी माझा राग नाही.

मी इचलकरंजीची. वडील यंत्रमागावर कामाला, आणि संध्याकाळी युनियनच्या कचेरीत. आमच्या घरात वह्या कमी आणि पत्रकं जास्त. पाढे मी पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिले आणि पुढची बाजू वाचून भांडायला शिकले. बाबांच्या एका मित्रानं बोटीवर नोकरी केली होती. कुठल्याशा बंदरातून त्यानं तीन स्पॅनिश पत्रकं आणून दिली. ती कपाटात जपून ठेवलेली होती, पण वाचणार कोण? मी पुण्याला शिकायला गेले तेव्हा त्या तीन कागदांसाठी स्पॅनिशचा वर्ग लावला. दोन वर्षांनी ती वाचून दाखवली. दोन खरोखरच गोदी कामगारांच्या संपाची निघाली. तिसरं अंगाच्या साबणाची जाहिरात होतं. बाबा म्हणाले, "असू दे. साबणसुद्धा कुणीतरी कामगारानंच बनवला असेल की."

वर्गात सगळ्यांचा घाम काढत ती सारख्या अर्थाची क्रियापदं. शिकवणं इंग्रजीतून चाले, आणि इंग्रजीत जिथं एका शब्दानं भागतं तिथं स्पॅनिश दोन पुढं करते. पेदीर आणि प्रेगुंतार. साबेर आणि कोनोसेर. आणि ओईर-एस्कुचार, ज्याला इंग्रजीतही दोन शब्द आहेत, तरी घोळ होईच. मुलं तक्ते पाठ करत. मी एक दिवस वहीत मराठी लिहून पाहिलं आणि हसूच आलं. पेदीर म्हणजे मागणं, प्रेगुंतार म्हणजे विचारणं. पाणी मागतो, रस्ता विचारतो. यात गोंधळतो का कुणी? एखादी गोष्ट माहीत असणं किंवा एखादं काम येणं, ते साबेर. माणसाशी, गावाशी वावरून ओळख असणं, ते कोनोसेर. कानावर पडतं ते ओईर, कान देऊन ऐकतो ते एस्कुचार. हे फरक आपण आईच्या मागं मागं फिरताना शिकलेले असतो. मला फार गर्व झाला. तो गर्व घेऊनच मी संभाजीनगरला उतरले.

उस्मानपुरा

काम असं होतं. चितेगावला, पैठण रस्त्यावर, कांदा वाळवण्याचा एक कारखाना आहे. नाव लिहीत नाही. कांद्याच्या चकत्या कापायच्या, गरम हवेच्या पट्ट्यावरून फिरवून वाळवायच्या, पोती भरायची. तिथं स्पेनहून नवा ड्रायर आला होता आणि तो बसवून द्यायला मार्ता नावाची इंजिनिअर आली होती. तो कोण चालवणार, हे तिनं कामगारांशी बोलून ठरवायचं होतं. मी दुभाषी.

मालकाच्या पैशानं दुभाष्याचं काम करावं का, यावर मी बाबांशी फोनवर भांडून घेतलं होतं. ते म्हणाले, "कर. फक्त कामगाराचं बोलणं नीट पोचव. आपलं त्यात घालू नकोस." यामागं जुनी जखम होती. एकदा युनियनच्या पत्रकात एका कामगाराचं म्हणणं जरा चढवून, सुधारून छापलं गेलं. व्यवस्थापनानं नेमकं ते चढवलेलं वाक्य धरलं आणि बिचाऱ्याला खोटं ठरवलं. तेव्हापासून आमच्या घरात नियम: शब्द जसाच्या तसा. मी तो नियम शपथेसारखा बाळगला होता.

मार्ता पन्नाशीची, आखडलेल्या गुडघ्याची, भराभर चालणारी बाई. स्पेनच्या मुर्सिया भागातली. उस्मानपुऱ्यातल्या लॉजवर आमच्या दोघींच्या खोल्या शेजारी शेजारी होत्या. गाडी रफिकभाईंची. साठीला आलेले, दाढीला मेंदी, बोलण्यात मराठी आणि दखनी एकाच ताटातली. पहिल्याच दुपारी ते आम्हाला नान-खलिया खायला घेऊन गेले. आमच्याकडचा तांबडा रस्सा समोर आला की आधी डोळ्यांत पाणी येतं, मग तोंडात. हा खलिया दिसायला तसाच जहाल, वर तेलाचा लाल तवंग, पण जिभेवर मवाळ. मार्तानं नानचा तुकडा बुडवला, दुसरा बुडवला, आणि विचारलं, याला काय म्हणतात? मी रफिकभाईंना विचारलं.

"खलिया. बादशाच्या फौजेचं जेवण आहे, ताई. मॅडमला बोला, सावकाश. फौज कुठं पळून नाही चालली."

चितेगाव, पहिल्यांदा

दुसऱ्या दिवशी सकाळी नक्षत्रवाडी, कांचनवाडी मागं टाकून आम्ही चितेगावला पोचलो. कारखाना दिसायच्या आधी नाकाला कळला. आत पन्नासेक बाया ओळीनं बसून कांदा सोलत होत्या. त्यांची बोटं पाहा म्हणजे तुम्हाला या गोष्टीतलं जे पणाला लागलेलं आहे ते कळेल. कांद्याच्या रसानं कातडी पांढरी पडलेली, चिरलेली, कुणाकुणाच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या. सोलणाऱ्या बाया ठेक्यावर. माल आला तर बोलावणं, नाही तर घरी.

ड्रायरवरची माणसं वेगळी. ती कायम, आणि त्यांचे हात कोरडे. जुन्या ड्रायरवर अशी नऊ माणसं होती. नव्यावर तीन पुरणार होती. उरलेल्या सहांनी परत सोलायला बसायचं.

व्यवस्थापक देशमुखसाहेबांनी नऊ जणांना उभं केलं. मार्तानं छापील तक्ता काढला. प्रश्न सरळ होता, आणि मी तो सरळ मराठीत ठेवला: "तुम्हाला ड्रायर चालवता येतो का?"

विशाल नावाच्या, आयटीआय करून वर्षभरापूर्वी लागलेल्या तरुणानं छाती काढून सांगितलं, "सगळं येतं, मॅडम." संगीता नावाची पंचविशीची बाई म्हणाली, "येतं. शिकलेय मी." मग गयाबाईंची पाळी. पन्नाशीच्या आसपास, ठेंगण्या, नऊवारीवर कारखान्याचा निळा कोट. त्यांनी पदर नीट केला, स्वतःच्या पायांकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "थोडंफार."

मागून दोघी-तिघी फिसकन हसल्या. संगीतानं तोंडाला पदर लावला. मला वाटलं, हिला येत नाही म्हणून हसतायत. माझा संतापच झाला. बायांनी बाईला हसावं? तो संताप मी आवरला आणि नियमाप्रमाणं जसाच्या तसा शब्द दिला: उन पोको, थोडंसं. मार्तानं त्या रकान्यात तेच लिहिलं, 'पोको', आणि पुढं सरकली. नवांतल्या पाच जणींनी त्या दिवशी "थोडंफार" सांगितलं. पाचही वेळा मी अचूक भाषांतर केलं.

संध्याकाळी मार्तानं तीन नावं साहेबांना पाठवली. विशाल, संगीता आणि तिसरा एक जण. मी लॉजच्या गच्चीवर शेंगदाणे खात वहीत लिहिलं: आज एकही शब्द वाकवला नाही.

वैजापूरच्या वाटेवर

तिसऱ्या दिवशी मार्ताला कच्चा माल पाहायचा होता, म्हणून वैजापूरच्या मार्केट यार्डात जायचं ठरलं. गाडीत बसताना तिनं विचारलं, यांना वैजापूरचा रस्ता माहीत आहे का? मी रफिकभाईंना विचारलं. त्यांनी पानाचा तोबरा गालात सरकवला.

"थोडा-बहुत मालूम है, ताई."

मी जसंच्या तसं सांगितलं. मार्ताच्या कपाळावर आठी आली. तिनं लगेच फोनवर नकाशा उघडला आणि मांडीवर धरला. लासूरच्या अलीकडं फोन म्हणाला, डावीकडं वळा. मार्ता म्हणाली, डावीकडं. मी म्हटलं, डावीकडं.

रफिकभाईंनी आरशातून माझ्याकडं पाहिलं. "लेफ्ट?"

"हो, मॅडम म्हणतायत."

"हौ. मॅडम बोलतायत तर लेफ्ट."

डांबर संपलं, खडी संपली, मग दोन्ही बाजूंनी कांद्याची हिरवी शेतं आणि मध्ये बैलगाडीची चाकोरी. पुढं कालव्याच्या चारीचं पाणी फुटून वाटेवर पसरलेलं. काळी माती ओली झाली की काय करते ते ज्याची चप्पल त्यात राहिली त्याला विचारा. गाडीचं मागचं चाक अर्ध्यापर्यंत खाली गेलं. मार्ता उतरली, आणि तिचा बूट तिच्याबरोबर वर आलाच नाही.

ट्रॅक्टर यायला तासभर लागला. तोवर शेतमालक काकांनी आम्हाला बांधावर बसवलं, गोवऱ्यांच्या आरावर ज्वारीची कणसं भाजली आणि हातावर चोळून हुरडा दिला, लसणाच्या चटणीबरोबर. एक पाय चिखलानं माखलेला, एक पाय बुटात, अशी मार्ता तो एक एक दाणा वेचून खात होती. काकांनी विचारलं, "हिकडं कुठं चाल्लावता?"

"वैजापूरला," मी म्हटलं.

काका रफिकभाईंकडं बघून हसायला लागले. "रफिकभाई, आन् तुमी हिकडनं आलाव?"

तेव्हा मला शंका आली. "तुम्ही ओळखता यांना?"

"वळखता म्हंजे? वैजापूरचे जावई हायती त्ये."

मी रफिकभाईंकडं वळले. "तुमची सासुरवाडी वैजापूर?"

"तीस साल झाले, ताई."

"मग रस्ता थोडाबहुत माहीत आहे असं का सांगितलंत?"

रफिकभाई खरोखर बुचकळ्यात पडले. "अब क्या बोलू? सगळं मालूम आहे बोलू? वर बसलाय तो ऐकतो, ताई. उद्या तोच चुकवील. आणि मॅडमच्या हातात मशीन होती. पाहुण्या माणसाला चूक कायकू बोलायचं?"

मी हसले. मार्ताला सांगितलं, ती माझ्याहून मोठ्यानं हसली. आणि हसता हसता मला तो रकाना आठवला. हाच शब्द. पदर नीट करणाऱ्या गयाबाई. पायांकडं पाहणं. मागच्या बायांचं हसणं. त्या का हसल्या होत्या ते मला आत्ता, त्या बांधावर, हुरडा हातात घेऊन कळलं. गयाबाई "थोडंफार" म्हणाल्या याचंच त्यांना हसू आलं होतं. वैजापूरच्या जावयाला वैजापूरचा रस्ता थोडाबहुत माहीत असतो, तसं.

आणि मला हे कळायला नको होतं का? इचलकरंजीत बाबांना कुणी मागाबद्दल विचारलं तर ते काय सांगतात? "जमतंय आपलं कसंतरी." हे ऐकत मी मोठी झाले. पण स्पॅनिशच्या रकान्यापुढं उभी राहिले आणि स्वतःच्या बापाचं बोलणं विसरले.

मी मार्ताला सगळं सांगितलं. ती हसायची थांबली. "हे तू मला काल का नाही सांगितलंस?"

"तू शब्द विचारलेस. मी शब्द दिले."

"मी माणसं शोधत होते," ती म्हणाली. ती चिडली होती, आणि तिचं बरोबर होतं. नंतर बऱ्याच वेळानं, बूट काठीनं खरवडत, तिनं आपल्या आईचं सांगितलं. तिची आई जर्दाळूच्या कारखान्यात डबे भरायची. तिला कुणी कामाचं विचारलं तर ती म्हणे, मला काय कळतंय, हातांना कळतं. "पण तुझ्या एकटीच्या सांगण्यावरून मी यादी बदलू शकत नाही," मार्ता म्हणाली. "उद्या दाखव मला."

वैजापूरच्या यार्डात आम्ही पोचलो तेव्हा लिलाव संपत आला होता. ट्रॉल्यांवर रांगडा, म्हणजे खरिपानंतरचा कांदा, लालबुंद. एक व्यापारी कांदा उचलायचा, अंगठ्यानं दाबायचा, टाकायचा, आणि पुढं. मार्ता पाहत होती. कुणाच्याच हातात तक्ता नव्हता.

चितेगाव, दुसऱ्यांदा

चौथ्या दिवशी सकाळी, मार्ता तयार व्हायच्या आत, रफिकभाईंना घेऊन मी गयाबाईंच्या घरी गेले. गावाच्या कडेला पत्र्याचं घर, दारात तुळस आणि शेळी. आमच्याकडं पाहुण्याला आधी विचारतात, जेवलीस का? इथं काही विचारलं नाही. मी बसले तोवर ताट समोर होतं: गरम भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वाटीत येसराची, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची आमटी.

"मावशी, तुम्ही परवा थोडंफार का म्हणालात?"

"मंग काय म्हनू? मला लई येतं म्हनू? बाजूला संगीता हुबी. तिला म्याच शिकीवलं. जनाची नाय तर मनाची लाज हाय का नाय?"

"पण त्यामुळं तुमचं नाव गेलं."

"पाह्यलं की. फळ्याला लावलंय."

त्यांनी भाकरी थापणं थांबवलं नाही. मी त्यांच्या बोटांकडं पाहिलं. ती कोरडी होती, पण नखांशेजारी जुने चरे होते, सोलण्याच्या दिवसांतले. माझी नजर त्यांनी पकडली.

"आधी सा वर्सं सोलायलाच व्हते म्या. रातीला बोटं पान्यात घालून बसायची. पुन्यांदा तेच."

"मग साहेबांकडं चला. मी येते. आपण मागू. हक्कानं मागू!" माझ्या आवाजात अख्खं पत्रक चढलं होतं.

गयाबाईंनी भाकरी तव्यावर टाकली, हात झटकले आणि माझ्याकडं पाहिलं. "मागू व्हय? सोळा वर्सं त्या मशीनीपाशी हुबी हाय म्या. आता मागायला जाऊ? म्या नाय मागनार. ज्याला पाह्यजे त्यानं इचारावं, म्या सांगीन."

"विचारलं होतं ना, मावशी."

"ते इचारनं व्हय? येतं का नाय येतं! न्हान्या पोराला इचारावं तसं."

मागणं आणि विचारणं. वर्गात मला सगळ्यात सोपी वाटलेली जोडी. ताटातली भाकरी संपवून मी उठले, तेव्हा मला काय करायचं ते कळलं होतं. हक्क मागायला मी त्यांना नेणार नव्हते. मी मार्ताला नीट विचारायला नेणार होते.

कारखान्यात जुना ड्रायर चालू होता. मी मार्ताला म्हटलं, येतं का, असं विचारू नकोस. चकती वाळली हे कसं ओळखता, असं विचार. आणि 'ओळखणं' याला मी मुद्दाम कोनोसेर हा शब्द घेतला, कारण गयाबाईंची त्या चकतीशी ओळख होती.

मार्तानं विचारलं. मी मराठीत सांगितलं.

"कोनती चकती?" गयाबाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"कालव्याच्या पान्याची का मुरमाड रानातली? दोनी सारकी वाळत्यात व्हय?"

मार्तानं पेन खिशात ठेवलं.

गयाबाईंनी पट्ट्यावरून मूठभर चकत्या उचलल्या आणि कानाजवळ हलवल्या. "वाळली का बोलती. वली आसली का मुकी ऱ्हाती. कालव्याचा कांदा वरून वाळतो आन् पोटात पानी धरून बसतो. हाताला कोरडा लागतो, पन बोलत नाय. तसाच पोत्यात घातला का आठ दिसांत गोळा. मंग दुकानदार माल वापस करतो आन् साहेब आमच्यावर वरडत्यात." त्यांनी दुसऱ्या पट्ट्यावरची मूठ मार्ताच्या कानाशी नेली. "ऐक."

तो शब्द मी भाषांतर केला नाही. मार्तानं कान पुढं केला होता. कारखान्यात पंख्यांचा घोंघाट सगळ्यांच्याच कानावर पडत होता. तिनं डोळे मिटले आणि त्या मुठीला कान दिला.

गयाबाई बोलत राहिल्या. चकती जाड कापली गेली तर वास कसा बदलतो. पावसाळी हवेत पट्टा किती दमानं चालवायचा. मग त्या नव्या ड्रायरकडं वळल्या, आणि जरा थबकून म्हणाल्या, "हेचा तिसरा पट्टा जोरात पळतो. मोकळाच फिरवून बघत्यात हेला, तवा जेवनाच्या सुट्टीत म्या येऊन बघती रोज. पन मला कोन इचारतंय?"

मी सांगितलं. मार्ता पुढं झाली, तिसऱ्या पट्ट्याची गती पाहिली. ती तिच्या गावाकडच्या कांद्यासाठी लावलेली होती. तिनं ती कमी केली, थोडा माल सोडला, आणि तो बाहेर येईपर्यंत दोघी पट्ट्याच्या टोकाशी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. पहिली मूठ गयाबाईंनी उचलली. दुसरी मार्तानं. दोघींनी एकदमच कानाशी नेली. गयाबाईंनी मान हलवली. मार्तानंही.

देशमुखसाहेबांच्या खोलीत मी भांडायच्या तयारीनं शिरले. मुद्दे मनात मांडून ठेवले होते. एकही लागला नाही. साहेब म्हणाले, "गयाबाईला येतं हे मला ठाऊक नाही का? जुन्या ड्रायरचा सगळा माल तिच्या कानावर गेला. पण मॅडमनी नाव घातलं नाही. म्हटलं, त्यांनी काही पाहिलं असेल. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला चूक कसं म्हणायचं?"

दाराशी उभे असलेले रफिकभाई माझ्याकडं बघून गालातल्या गालात हसले.

मार्तानं लिहून दिलं, की पहिल्या हंगामात तिन्ही पाळ्यांवर लक्ष ठेवायला एक चौथं माणूस लागेल आणि त्या गयाबाई असाव्यात. साहेबांनी वर फोन केला. बराच वेळ "हो सर, हो सर" झालं. मग ते फळ्यापाशी गेले आणि छापील तीन नावांखाली पेननं चौथं लिहिलं. विशालला मी शोधत होते. वाटलं, तो फुगला असेल. तो गयाबाईंना म्हणाला, "बरं झालं मावशी. मला सगळं येतं म्हणालो खरं, पण रात्रभर झोप नव्हती. मुलाखतीत तसंच म्हणायचं असतं, असं कॉलेजात सांगितलेलं." त्याच्यावर मी मनातल्या मनात एक पत्रक लिहून ठेवलं होतं. ते फाडून टाकलं.

निघताना

पाचव्या दिवशी मार्ताचं विमान होतं. त्याआधी चितेगावला जाऊन तिला गयाबाईंचा निरोप घ्यायचा होता, आणि निरोपाचा शब्द मराठीतून म्हणायचा होता. मी घाईत सांगितलेला तिनं दारात म्हटला, "जाते."

"आगं माय! जाते म्हनू नको, येते म्हन," गयाबाईंनी तिचा दंडच धरला. "येते" म्हटल्यावरच सोडला.

त्यांनी मार्ताला धरलेलं बघून माझ्या मनात आलं, की निघायच्या आधी उरलेल्या चौघींनाही बोलवावं. त्या दिवशी "थोडंफार" म्हणालेल्या पाच जणी होत्या. मी मार्ताला म्हटलं. तिनं घड्याळ पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. वेळ नव्हता. त्या चौघी आता सोलायला बसल्या असतील. त्यांतली एक जण कदाचित गयाबाईंइतकीच तयार असेल. मला माहीत नाही. मी त्यांना दुसऱ्यांदा विचारलंच नाही, आणि ते माझ्या हातून झालं आहे. कारखान्याचा दोष असेल, तक्त्याचा असेल, पण त्या पाचही उत्तरांचं भाषांतर माझं होतं.

घरी आल्यावर मी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "शब्द जसाच्या तसा, हे मी सांगितलं होतं. माणूस जसाच्या तसा, असं सांगायला पाहिजे होतं." आणि पुढं, "पण मला तरी काय कळतंय म्हणा."

मागच्या आठवड्यात गयाबाईंना फोन केला. पलीकडं पंख्यांचा आवाज होता. नवा ड्रायर सुरू होऊन महिना झाला होता. मी विचारलं, "मावशी, आलं का नवं मशीन चालवायला?"

"थोडंफार," त्या म्हणाल्या, आणि मागं कुणीतरी फिसकन हसलं. या वेळी मीही हसले.

आता एक काम तुमच्याकडं मागते. हो, मागते, विचारत नाही. तुमच्यापैकी कुणी शाळेत असेल, कचेरीत असेल, कुणाच्या हातात उद्या माणसं निवडायचा कागद येईल. समोरचा माणूस "थोडंफार" म्हणाला, तर तो शब्द रकान्यात लिहू नका. पेन खिशात ठेवा. त्याच्या कामापाशी चालत जा, "हे तुम्ही कसं ओळखता?" असं विचारा, आणि उत्तर संपेपर्यंत तिथून हलू नका.